गादी काकांची, कारभार पुतण्याचा : एका पॉडकास्टच्या कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, एडिसन, न्यू जर्सी

'द सोप्रानोज' ही न्यू जर्सीतल्या एका माफिया टोळीवरची अमेरिकन मालिका. तिचा पहिला एपिसोड एचबीओवर लागला त्याला काल २६ वर्षं झाली. मुहूर्त एका दिवसाने हुकला. हरकत नाही, आपले मुहूर्त असेच असतात. तिच्यावरच्या माझ्या पॉडकास्टच्या तिसऱ्या भागाची फाइल आज उघडली.

पहिला भाग मालिकेचा नायक टोनी सोप्रानो आणि त्याची मानसोपचार डॉक्टर मेल्फी यांच्यावर झाला, दुसरा टोनी आणि त्याची आई लिव्हिया यांच्यावर. आता टोनी आणि ज्युनिअर काका. टोळीची गादी कुणाची, कारभार कुणाचा, आणि हे सगळे ज्या निष्ठेच्या शपथा घेतात ती निष्ठा नेमकी कुणाशी. लांबी ४० मिनिटं, वर एक मिनिट नाही. दुसरा भाग ५७ मिनिटांचा झाला होता, आणि माझ्या सख्ख्या बहिणीने तो तीन दिवस भाजी चिरताना तुकड्यातुकड्यांनी ऐकला.

आत्ता डोक्यात जे आहे ते लिहून ठेवते, म्हणजे मत बदललं तर स्वतःलाच पकडता येईल. टोनी चलाख, काका भोळसट. पुतण्याने काकांना पाटावर बसवलं आणि तिजोरीच्या किल्ल्या स्वतःच्या कंबरेला लावल्या.

शीर्षकात काका-पुतण्या घालावं का? महाराष्ट्रातले लोक भलत्याच बातमीच्या आशेने ऐकायला येतील. येऊ देत.

१२ जानेवारी

पहिल्या सीझनचा चौथा एपिसोड, 'मेडोलँड्स', दोनदा पाहिला. सगळं बी इथेच पेरलंय.

टोळीचं काम पाहणारा जॅकी अप्रीले पोटाच्या कॅन्सरने जातो. बाकीच्या कॅप्टनांना, म्हणजे टोळीतल्या एकेका गटाच्या मुकादमांना, त्याच्या जागी टोनी हवाय. पण कोराडो सोप्रानो, ज्यांना सगळे ज्युनिअर म्हणतात, ते टोनीच्या वडिलांचे थोरले भाऊ. धाकटा भाऊ आधीच गेला, आता त्याचा पोरगाही पुढे निघून चाललाय. टोनीच्या पोरांनी काकांच्या संरक्षणाखालच्या ट्रकांवर हात मारलाय, आणि काकांनी त्यातल्या एकाला बाथटबमध्ये मारून उत्तर दिलंय. टोनीला त्यांनी बजावलंय की पुन्हा येशील तेव्हा हत्यार घेऊन ये, नाहीतर येऊच नकोस.

टोनी जातो. सगळ्यांना वाटतं आता गोळीबार. तो काकांसमोर गादी ठेवतो आणि बदल्यात ब्लूमफील्डचा भाग आणि रस्तेकामाच्या मजुरांची युनियन मागून घेतो. या घासाघिशीवर मी थांबले. शरण आलेला माणूस भाव करतोय, आणि काकांना त्याचा संशय येत नाही, उलट बरं वाटतं. मागणारा खाली आणि देणारा वर, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की आपण नेमकं काय देऊन बसलो ते त्यांनी मोजलंच नाही.

मग टोनी आपल्या लोकांना सांगतो की वर एक नवी कोरी सळई बसवलीय, यापुढे वीज पडेल ती तिच्यावर.

युक्ती मुळात त्याची नाहीच. वडीलधाऱ्यांना सांभाळताना सूत्रं त्यांच्याच हातात आहेत असं त्यांना वाटू द्यावं, असं मेल्फी बोलून जाते. तिने घर चालवायचा सल्ला दिला, याने त्यावर टोळी चालवली.

१४ जानेवारी

शब्दांवर अडले.

'रिस्पेक्ट'ला 'आदर' लिहिलं आणि खोडलं. आदर मनातून येतो. या लोकांना हवा असतो मानपान. कुणी आधी उठून उभं राहायचं, कुणी कुणाच्या गालाला गाल लावायचा, पाकीट कुणाच्या हातात द्यायचं. एका लग्नात विहीणबाईंचा रुसवा काढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

'पाकीट' तसंच राहणार. खालचा माणूस कमाईतला वाटा वर पोचवतो तो पाकिटातून, आणि मराठीत पाकीट म्हटलं की जो वास येतो तो मूळ इंग्रजी शब्दालाही येत नाही.

'रॅट'चं काय करायचं? 'उंदीर' म्हटलं तर गणपतीचं वाहन डोळ्यांपुढे येतं, शिवी उरतच नाही. 'खबऱ्या' हा पोलीस ठाण्याच्या बाजूने पाहिलेला शब्द. टोळीत बसून पाहिलं तर 'फितूर'. जरा बखरीतला वाटतो, पण घेते. 'मेड मॅन' म्हणजे दीक्षा घेतलेला. बॉस हा बॉसच.

१८ जानेवारी

अण्णा, माझे सासरे, डिसेंबरात आले ते बर्फामुळे घरातच अडकलेत. सांगलीकडे एका सहकारी सोसायटीत ३१ वर्षं सचिव होते. आज म्हणाले, "तू रोज काय ते मारामारीचं बघतेस, मलाही दाखव की." सहावा एपिसोड लावला, 'पॅक्स सोप्राना'. दर दोन मिनिटांनी थांबवून सांगत होते.

हेश राबकिन हा टोनीच्या वडिलांचा जुना ज्यू मित्र. त्याच्याकडून आजवर कुणी वाटा घेतला नव्हता. नवे बॉस झालेले काका मागची वसुली म्हणून ५ लाख डॉलर मागतात. टोनी न्यूयॉर्कच्या टोळीतल्या जॉनी सॅकला मध्ये घालतो, आकडा अडीच लाखांवर येतो. मग टोनीच काकांना सम्राट ऑगस्टसची गोष्ट सांगतो की तो एकटा खात नसे, वाटून खात असे, म्हणून लोकांचा लाडका होता. काका ते पैसे कॅप्टनांत वाटतात आणि आपल्या दिलदारीवर खूश होतात. टोनी आपल्या वाट्याचे ५० हजार गुपचूप हेशला परत देतो.

ऑगस्टसचं नाव इथे उगाच आलेलं नाही. त्याने स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही, सिनेट ठेवली, जुनी पदं ठेवली, वरून प्रजासत्ताक जसंच्या तसं दिसेल असं पाहिलं, आणि सैन्य स्वतःच्या हातात ठेवलं. काकांना वाटतं आपण ऑगस्टस होतोय. ऑगस्टसचं काम करणारा समोरच्या खुर्चीत बसून त्यांना गोष्ट सांगतोय.

अण्णा म्हणाले, "अगं, हे चेअरमन आहेत. हार यांना घालायचा, फोटोत मध्ये यांना बसवायचं."

"म्हणजे अण्णा, अधिकार काहीच नाही?"

"सही आहे ना! ऑडिटला नाव यांचंच निघणार."

त्यानंतर पंधरा मिनिटांत काकांच्या गादीरोहणाची मेजवानी आली. तिथे वेश पालटून घुसलेले एफबीआयचे लोक छुप्या कॅमेऱ्याने फोटो घेतात, आणि शेवटी त्यांच्या तक्त्यावर सगळ्यांत वर काकांचा फोटो लागतो. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "निघालं नाव."

१९ जानेवारी

स्क्रिप्टचा पहिला तिसरा हिस्सा काढून टाकला. सळईच्या जागी ऑडिट.

(दुसऱ्या सीझनमध्ये जो मित्र फितूर निघतो त्याचं टोपणनाव सासऱ्यांसमोर उच्चारण्यासारखं नाही. आम्ही त्याला नुसतं साल म्हणतो. रेकॉर्डिंगमध्येही साल.)

२५ जानेवारी

पहिल्या सीझनचा शेवटचा एपिसोड. यासाठी अण्णा दुपारी झोपले नाहीत.

मधलं थोडक्यात. खरा कारभार कुठून चालतो ते काकांना कळलंय. लिव्हियाने आग लावलीय. काकांच्या संमतीने टोनीवर दोन मारेकरी घातले गेले आणि तो वाचला. मग एफबीआयने काकांना उचललं, आणि सरकारी वकील सरळ सौदा मांडतो की तुम्ही नावाचे बॉस आहात हे आम्हाला माहीत आहे. खरा बॉस तुमचा पुतण्या, आणि न्यूयॉर्कच्या जॉनी सॅकशी त्याचे व्यवहार आहेत. एवढं सांगा, तुमचं बघू.

काकांकडे या क्षणी सगळंच आहे. पुतण्याचा राग, म्हातारपण, तुरुंगाची भीती. एक वाक्य बोललं की सुटका आणि सूड दोन्ही. ते बोलत नाहीत. जे उत्तर देतात त्यात अँजी डिकिन्सन या नटीचं नाव आहे, बाकीचं मी अण्णांना सांगितलं नाही. ते म्हणाले, "कळलं, कळलं."

हा प्रसंग मी आधी तीनदा तरी पाहिला असेल, आणि दर वेळी विनोद म्हणूनच. आज पहिल्यांदा लक्षात आलं की पहिल्या सीझनमध्ये टोनीला जर खरोखर कुणी वाचवलं असेल तर या नकाराने. काकांनी ओमेर्ता पाळली, पण मौनाच्या शपथेशी त्यांना त्या खोलीत काही घेणंदेणं नव्हतं. "मी नुसता नावाला होतो" हे शब्द त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकायचे नव्हते. निष्ठावंताने जे केलं असतं तेच एका मानी माणसाने केलं. एफबीआयला फरक करता आला नाही, कारण बाहेरून तो दिसतच नाही.

टोनीने सळई बसवली तेव्हा हे त्याच्याही हिशेबात नसणार. त्याला वाटलं वीज पडली की सळई वितळेल आणि आपण वाचू. ती वितळलीच नाही.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे एक चेअरमन होते. कर्ज कुणी उचललं ते सगळ्या गावाला ठाऊक. हे तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले, पण मी नुसत्या सह्या केल्या असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर सुटले असते."

"मग का नाही म्हणाले?"

"गावात राहायचं होतं ना त्यांना."

११ तारखेचं मत खोडलं. काका भोळसट नाहीत.

१ फेब्रुवारी

ही सोय लेखकाच्या कल्पनेतली नाही, हे सांगणारी पाच मिनिटं हवीत. आज तीच लिहिली.

अमेरिकेत १९७० साली रिको कायदा आला. त्याआधी बॉसला पकडायचं तर विशिष्ट गुन्हा त्याच्या अंगाला चिकटवावा लागे, आणि बॉस स्वतः कधी कशाला हात लावत नसे. रिकोने टोळी हाच धंदा धरला आणि तो चालवणं हाच गुन्हा ठरवला. वर बसणं एकदम धोक्याचं झालं. मग वर दुसऱ्याला बसवणं ओघाने आलंच.

न्यूयॉर्कच्या जेनोव्हीझ टोळीचा बॉस म्हणून जगाला अँथनी सालेर्नो माहीत होता, 'फॅट टोनी'. १९८६ मध्ये 'फॉर्च्यून' मासिकाने देशातल्या माफिया म्होरक्यांची यादी छापली, त्यात पहिलं नाव त्याचं. त्याच वर्षी टोळ्यांच्या 'कमिशन'वरच्या, म्हणजे म्होरक्यांच्या मंडळावरच्या, खटल्यात तो दोषी ठरला आणि १९८७ च्या जानेवारीत त्याला १०० वर्षांची शिक्षा झाली. त्याचाच विश्वासू माणूस फितूर झाला तेव्हा कळलं की सालेर्नो फक्त दर्शनी होता. खरा बॉस व्हिन्सेंट जिगांटे. तो अंगात बाथरोब घालून, स्वतःशी पुटपुटत, ग्रीनिच व्हिलेजमध्ये वेड्यासारखा फिरायचा. कोर्टांना हे वेड खरं की खोटं ते ठरवायला वर्षं लागली. १९९७ मध्ये शिक्षा झाली, आणि २००३ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की सोंग होतं.

सालेर्नो १९९२ मध्ये गेला, जिगांटे २००५ मध्ये. दोघेही मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या फेडरल तुरुंग-रुग्णालयात.

मालिकेत ज्युनिअर काका आधी सालेर्नो होतात. चौथ्या सीझनमध्ये कोर्टाबाहेर पायऱ्यांवरून पडतात आणि त्याचा फायदा घेऊन स्मृतिभ्रंशाचं सोंग आणतात, म्हणजे जिगांटे होतात. त्यापुढे आणखी एक पायरी आहे. ती शेवटासाठी ठेवते.

८ फेब्रुवारी

ब्लूमफील्डला जाऊन आलो. अण्णा गाडीत स्वेटरवर स्वेटर, वर कानटोपी.

ब्रॉड स्ट्रीटवरचं हॉलस्टेन्स हे जुनं आइस्क्रीमचं दुकान. १० जून २००७ ला मालिका संपली ती इथल्या एका टेबलावर, पडदा मध्येच काळा होऊन. ते टेबल आता नाही. दुकानाने २०२४ मध्ये ईबेवर लिलावाला काढलं आणि ८२,६०० डॉलरला विकलं. अण्णांनी आकडा दोनदा विचारला, मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "लाकूड कुठलं होतं?"

परतताना पार्कवेवर लक्षात आलं की चौथ्या एपिसोडमध्ये टोनीने काकांकडून मागून घेतलं ते ब्लूमफील्ड. शेवटच्या प्रसंगात तो बसलाय तेही ब्लूमफील्डमध्ये. लेखकांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. तरी भागात घेणार.

कांद्याच्या तळलेल्या चकत्या बऱ्या होत्या. अण्णांच्या मते आपली खेकडा भजी वेगळीच.

१५ फेब्रुवारी

निष्ठेचा तुकडा. चार वेळा लिहिला, चारही वेळा प्रवचन झालं. शेवटी ठरवलं की माणसं एकामागे एक उभी करायची आणि आपण गप्प बसायचं.

तिसऱ्या सीझनमध्ये दीक्षेचा प्रसंग आहे. बोटातून रक्त, तळहातावर जळणारं संताचं चित्र, आणि बायकामुलं, आईबाप या सगळ्यांच्या आधी ही टोळी, अशी शपथ. (असा विधी खरोखर होतो का असं बरेच जण विचारतात. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावात एफबीआयने तो चोरून रेकॉर्डच केला होता.) त्या दिवशी दोघं शपथ घेतात, ख्रिस्टोफर आणि युजीन.

युजीनला पुढे मावशीकडून २० लाख डॉलरचा वारसा मिळतो. बायकामुलांना घेऊन फ्लोरिडाला जायचं म्हणतो. टोळी नाही म्हणते. तो एफबीआयलाही खबर देत असतो, तेही सोडत नाहीत. तो गळफास घेतो. शपथ दोन्हीकडे सारखीच चालते.

ख्रिस्टोफरची होणारी बायको एड्रियाना फितूर होते, मनाविरुद्ध, आणि शेवटी त्यालाच सगळं सांगते. आपण दोघं पळून जाऊ म्हणते. तो टोनीला सांगतो. टोनीचा उजवा हात सिल्व्हिओ तिला गाडीत घालून रानात नेतो. शपथेतला बायकोच्या आधी टोळी हा भाग इथे वसूल झाला.

साल हा टोनीचा जुना दोस्त. तो फितूर आहे हे टोनीला कळलेलं असतं, पण ते मानायला त्याला एक अख्खा सीझन लागतो. बोटीवर चौघं दारू पितात, जुन्या गोष्टी सांगतात, हसतात. मग साल म्हणतो, तोंडावर मारू नका.

आणि जॉनी सॅक. तुरुंगात असताना मुलीच्या लग्नाला ६ तास सोडतात, परत न्यायला आले तेव्हा सगळ्यांसमोर रडतो. त्या रडण्याने त्याची बॉसकी निम्मी जाते. उरलेली कोर्टात जाते. तो १५ वर्षांचा सौदा मान्य करतो आणि त्यासाठी अशी टोळी अस्तित्वात आहे एवढं उघड कबूल करतो. एकाचंही नाव घेत नाही, कुणाचा केसही वाकडा होत नाही, तरी त्याची माणसं तोंडावर थुंकल्यासारखी संतापतात. आणि त्याच मालिकेत रे कर्टो नावाचा कॅप्टन वर्षानुवर्षं अंगावर टेप लावून फिरतो आणि शेवटी गाडीत बसल्याबसल्या झटका येऊन, इज्जतीने मरतो. त्याला कुणी नाव ठेवत नाही, कारण कुणाला पत्ताच नाही.

अण्णांना जॉनीचं पटलं नाही. "त्याने नुसतं आहे म्हटलं, एवढंच ना? सगळ्यांना माहीतच होतं की." मी म्हटलं, अण्णा, तुमचे चेअरमनसुद्धा एवढंच म्हणाले नाहीत. ते काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना ताटावर बसल्याबसल्या अचानक म्हणाले, "ते वेगळं होतं."

२२ फेब्रुवारी

दुसरं मतही गेलं. टोनी चलाख, हे.

दुसऱ्या सीझनपासून कारभार उघडउघड त्याचा होतो. काका घरातच नजरकैदेत, पायाला पट्टा. नाव अजून काकांचं, पण टोनीला जे लपवायचं होतं ते लपत नाही. तो हळूहळू स्वतःच सळई होत जातो.

पाचव्या सीझनमध्ये त्याची बायको कार्मेला त्याला सुनावते की तुझ्या पांचट विनोदांवर ते हसतात कारण तू बॉस आहेस. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम एक भिकार विनोद सांगतो. सगळे पोट धरून हसतात, चित्र संथ होत जातं, आणि आपण एकेक चेहरा बघतो. एकच म्हातारा हसत नाही, वीस वर्षांनी तुरुंगातून सुटून आलेला फीच. त्याला लवकरच परत तुरुंगात जावं लागतं. त्याच्या गॅरेजमध्ये चोरीचे टीव्ही सापडतील अशी व्यवस्था टोनी करतो. त्या खोलीत टोनीला खरं उत्तर देणारा तोच एक होता.

मग सहावा सीझन. काकांनी गोळी घातलेला टोनी इस्पितळातून परत आलाय. पोटावर टाके, चालताना दम लागतो. बाकीचे बघतायत, हा किती टिकेल. तो खोलीतला सगळ्यांत धडधाकट पोरगा निवडतो, नवा ड्रायव्हर, काहीतरी खुसपट काढतो आणि त्याला बदडतो. मग बाथरूममध्ये जाऊन ओकतो. इथेही सल्ला मेल्फीचाच की बरं नसलं तरी बरं असल्यासारखं वागा. चौथ्या एपिसोडमध्ये तिच्या शब्दांवर त्याने काकांना दर्शनी बॉस केलं होतं. आता त्याच डॉक्टरच्या शब्दांवर तो स्वतःच दर्शनी बॉस होतोय, फक्त यावेळी मागे खरा कुणी बसलेला नाही.

हे वाक्य मला आवडलं म्हणून उद्या खोडायचं की ठेवायचं ते बघते.

टोनीच्या टोळीतल्या पॉलीच्या घरातलं चित्रही इथेच घालावं. टोनीने आपलं आणि घोडीचं तैलचित्र फेकून दिलेलं, पॉली ते उचलतो, त्यात टोनीला जुन्या जमान्यातल्या सेनापतीचा गणवेश रंगवून घेतो आणि घरात टांगतो. मग त्या डोळ्यांची त्यालाच धास्ती वाटू लागते. हाच पॉली मधल्या काळात न्यूयॉर्कला टोळीच्या बातम्या पुरवत होता. तिथल्या मोठ्या बॉसच्या लेखी आपण भारी आहोत असं त्याला वाटायचं. एका लग्नात भेट झाली तर त्या बॉसला हा कोण तेच ठाऊक नव्हतं.

२३ फेब्रुवारी

वाक्य ठेवलं.

१ मार्च

एक जोड. मालिकेचा पहिला सीझन चालू असतानाच, मार्च १९९९ मध्ये, न्यू जर्सीच्या खऱ्या डीकॅव्हलकान्टे टोळीतल्या माणसांचं गाडीतलं बोलणं एफबीआयने टेप केलं. हे आपल्यावरच काढलंय का, असं एक जण विचारतो, आणि मग ते नटांच्या अभिनयाची वाखाणणी करतात.

त्याच वर्षाच्या शेवटी धरपकड झाली. टोळीचा अधिकृत बॉस जॉन रिगी १९९० पासून तुरुंगात होता. बाहेर कारभार व्हिन्सेंट पालेर्मो बघायचा. पालेर्मो सरकारी साक्षीदार झाला. रिगी झाला नाही, २०१२ मध्ये सुटला, २०१५ मध्ये वारला. कारभारी बोलला आणि नावाचा मालक गप्प राहिला. रिगीच्या मनात निष्ठा होती की ज्युनिअर काकांसारखा मान, ते टेपवर येत नाही.

९ मार्च

काल रेकॉर्डिंग. हीटिंगचा घूं आवाज माइकमध्ये येतो म्हणून बंद केलं, वीस मिनिटं बोलायचं, मग दहा मिनिटं चालू. अण्णा शाल गुंडाळून शेजारी बसले होते, "माझा आवाज येणार नाही ना" असं दर वेळी मोठ्याने विचारत. तीन ठिकाणी आला आहे.

मूळ मालिकेचा आवाज वापरायचा नाही, हक्कांची भानगड नको. सगळे प्रसंग तोंडानेच सांगायचे.

आज इथलं घड्याळ एक तास पुढे गेलं ते विसरले. पुण्यात संकलन करणाऱ्या मित्राला ठरल्यापेक्षा तासभर आधी फोन लावला, तो भाजीच्या पिशव्या घेऊन जिन्यात होता. म्हणाला, "ताई, तुमच्याकडे वेळसुद्धा नावालाच आहे का?"

१६ मार्च

पहिलं संकलन ६१ मिनिटं. ऑगस्टस अर्धा केला. हॉलस्टेन्सचं टेबल काढलं, अण्णांचं लाकूड ठेवलं. पॉलीचं चित्र गेलं, वाईट वाटलं. आता ४६. चाळिसाचा पण सोडला.

२२ मार्च

शेवटच्या प्रसंगावर अडलो.

काकांची ती शेवटची पायरी अशी. सोंग म्हणून घेतलेला विसर पाचव्या सीझनमध्ये खरा होतो. टोनीला शाळेच्या संघात खेळण्याइतकी चुणूक कधी नव्हती, हे जुनं टोचणारं वाक्य ते पुन्हापुन्हा म्हणत राहतात. टोनी विचारतो, इतकं सगळं विसरलात, मग वाईट तेवढंच का आठवतं? माझ्यावर प्रेम नाही का तुमचं? काकांच्या डोळ्यांत पाणी येतं, उत्तर येत नाही. पुढे दुसराच कुणी समजून ते त्याला गोळी घालतात. आणि अगदी अखेरच्या एपिसोडमध्ये टोनी त्यांना सरकारी इस्पितळात भेटतो. खिडकीशी व्हीलचेअर, तोंडात दात नाहीत. टोनी म्हणतो, तुम्ही आणि माझे बाबा, तुम्ही दोघांनी नॉर्थ जर्सी चालवलं.

"आम्ही?"

"हो."

"हं. छान आहे की."

इथे चार सेकंद शांतता ठेवायची होती. मित्र म्हणाला, राहणार नाही. बरेच लोक ऐकताना शांतता आपोआप गाळण्याची सोय चालू ठेवतात, त्यांना ते सलग ऐकू येईल आणि पुढचं वाक्य काकांच्या बोलण्याला चिकटेल.

मग काल-परवापर्यंत ज्याच्यावर वैतागलो होतो तो हीटिंगचा घूं आवाज फेकलेल्या तुकड्यांतून शोधून काढला आणि त्या चार सेकंदांखाली अगदी हलका पसरला. आता गाळली जात नाही. तिसऱ्या सेकंदाला अण्णांचा खोकला आहे. तो काढू का असं मित्राने विचारलं, मी राहू दे म्हटलं.